रेल्वे कामगार आणि कंपन्यांच्या भांडणात धान्य पिकवणारा शेतकरी कसा भरडला जातो?

२२ ऑगस्ट २०२४. कॅनडात मध्यरात्रीचे बारा वाजून एक मिनिट झालं आणि देशातल्या दोन सर्वात मोठ्या रेल्वे कंपन्यांनी आपल्याच कामगारांसाठी दरवाजे बंद केले. एक कॅनेडियन नॅशनल, म्हणजे सीएन. दुसरी कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटी, म्हणजे सीपीकेसी. इंजिन चालवणारे, गाडीसोबत जाणारे कंडक्टर, यार्डात डबे जोडणारे असे मिळून सुमारे ९,३०० कामगार घरी बसले.

तो संप नव्हता, ती टाळेबंदी होती. संपात कामगार काम थांबवतो, टाळेबंदीत मालक. पण सस्कॅचवानमध्ये गहू आणि मसूर काढायला शेतात उतरलेल्या शेतकऱ्याला या फरकानं काही फायदा नव्हता. त्याच्यासाठी गोष्ट एकच होती, गाडी येणार नाही.

हा बंद कागदावर फार दिवस चालला नाही. सीएनच्या गाड्या दुसऱ्याच दिवशी हलायला लागल्या, सीपीकेसीच्या चार दिवसांनी. मग एवढ्याशा बंदची एवढी चर्चा का झाली? कारण रेल्वेचा वाद शेतकऱ्याला बंदच्या आधीही महाग पडतो आणि बंद संपल्यावरही. हे गणित नेमकं कसं चालतं, तेच समजून घेऊया.

वाद पेटला कसा?

सीएन आणि सीपीकेसीचे कामगारांसोबतचे करार पूर्वी वेगवेगळ्या वर्षी संपायचे. त्यामुळे एका कंपनीत वाद झाला, तरी दुसरीच्या गाड्या चालू असायच्या. २०२२ मध्ये सीएनचा करार एका वर्षानं वाढवला गेला आणि दोन्ही कंपन्यांचे करार एकाच दिवशी, ३१ डिसेंबर २०२३ ला संपले. पुढे दोन्हीकडच्या वाटाघाटी एकाच वेळी अडकल्या.

कामगारांच्या बाजूनं टीमस्टर्स कॅनडा रेल कॉन्फरन्स ही संघटना होती. मे २०२४ पासूनच संपाची शक्यता होती. तेव्हाच्या कामगार मंत्र्यांनी औद्योगिक संबंध मंडळाला विचारलं, की रेल्वे थांबली तर लोकांच्या आरोग्याला आणि सुरक्षिततेला धोका होईल का? मंडळानं ९ ऑगस्टला उत्तर दिलं, की कायद्याच्या व्याख्येत बसेल असा धोका नाही. पण सोबत १३ दिवस थांबायला सांगितलं. ते १३ दिवस संपले २२ ऑगस्टला.

तारीख नीट बघा. कॅनडात धान्याचं वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं. ऑगस्टच्या मध्यापासून वाटाणा, मसूर, मग गहू आणि कनोला अशी कापणी लागते. उन्हाळ्यात होऊ शकला असता असा बंद येऊन पडला ऐन सुगीत.

माल ट्रकनं का नाही नेत?

हा प्रश्न सगळ्यात आधी डोक्यात येतो. आपल्याकडे रेल्वे बंद पडली, तर नाशिकचा कांदा ट्रकनं निघतो. महाग पडतो, पण निघतो.

कॅनडाचा नकाशा डोळ्यासमोर आणला की अडचण लक्षात येते. धान्य पिकतं ते देशाच्या मध्यावर, अल्बर्टा, सस्कॅचवान आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांच्या गवताळ पठारावर. तिथून व्हँकुव्हरचं बंदर साधारण दीड हजार किलोमीटर लांब, मध्ये रॉकी पर्वत. पूर्वेला थंडर बे हे सरोवरावरचं बंदर आहे, तेही जवळ नाही. आणि पिकणाऱ्या धान्यातला मोठा हिस्सा निर्यातीसाठीच असतो, कारण जेमतेम चार कोटी लोकसंख्येचा देश ते सगळं खाऊ शकत नाही.

आता साधा हिशोब करू. एका हॉपर वॅगनमध्ये साधारण ९० टन धान्य बसतं. शंभर वॅगनची गाडी म्हणजे ९,००० टन. ४० टनांचा मोठा ट्रक धरला, तरी अशा एका गाडीसाठी सव्वादोनशे ट्रक लागतील. व्हँकुव्हरला लागणारं एक मोठं जहाज ६०,००० टन धान्य नेतं, म्हणजे साधारण सात गाड्या, म्हणजे दीड हजार ट्रक. हे झालं एका जहाजाचं, आणि सुगीत अशी अनेक जहाजं रांगेत असतात. एवढे ट्रक नाहीत, एवढे चालक नाहीत आणि असते तरी भाडं देऊन धान्याच्या किमतीत काही उरलं नसतं.

दुसरी गोष्ट, बंदरावरची धान्य उतरवण्याची सगळी यंत्रणा वॅगनसाठीच बांधलेली आहे. हजारो ट्रक तिथे रांगेत उभे करायची सोयच नाही.

शेतकऱ्याचे पैसे नेमके कुठे बुडतात?

कॅनडातला शेतकरी कापणी झाली की माल आपल्याच शेतावरच्या पत्र्याच्या उंच कोठ्यांमध्ये भरतो. मग कंपन्यांसोबतच्या करारानुसार ठरलेल्या काळात तो जवळच्या रेल्वेमार्गावरच्या मोठ्या कोठारात नेऊन घालतो. या कोठाराला तिकडे एलिव्हेटर म्हणतात. एकेकाळी गावोगाव लाकडाचे छोटे एलिव्हेटर होते, हजारोंच्या संख्येनं. आता काही शे उरलेत, पण ते अवाढव्य आहेत. तिथे वजन झालं, प्रत ठरली, की शेतकऱ्याचे पैसे निघतात.

हा एलिव्हेटर म्हणजे गोदाम नाही. तो पाण्याच्या पाइपसारखा आहे, एका बाजूनं ट्रक रिकामे होतात आणि दुसऱ्या बाजूनं वॅगन भरतात. वॅगन आल्या नाहीत की काही दिवसांत तो काठोकाठ भरतो. मग कंपनी शेतकऱ्याला फोन करते, माल सध्या आणू नका.

इथून नुकसान चार वाटांनी सुरू होतं.

पहिली वाट, अडकलेले पैसे. माल घातला नाही म्हणजे हातात पट्टी पडत नाही. पण खताचं, बियाण्याचं, डिझेलचं बिल आणि यंत्राचा हप्ता याच दिवसांत असतो. कर्जावरचं व्याज रेल्वे सुरू व्हायची वाट बघत नाही.

दुसरी वाट, पडलेला भाव. ही जरा समजून घ्यावी लागते. गव्हाचा जागतिक भाव ठरतो शिकागोसारख्या वायदे बाजारात. शेतकऱ्याला मिळतो त्यातून भाडं, हाताळणी आणि कंपनीचा हिस्सा वजा करून. या दोन भावांमधल्या फरकाला धान्याच्या धंद्यात बेसिस म्हणतात. समजा बंदरावर टनाला ४०० डॉलर भाव आहे आणि मधला फरक ८० डॉलरचा आहे, तर शेतकऱ्याला ३२० मिळतात. आता एलिव्हेटर भरलाय, माल पुढे जात नाही. कंपनीला नवा माल नकोच आहे. मग ती भाव ३०० वर आणते. जगात गहू स्वस्त झालेला नाही, पण ज्याच्याकडे विकायला १,००० टन आहे त्याचे २०,००० डॉलर गेले. (हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत.)

तिसरी वाट, डेमरेज. बंदरावर जहाज येऊन उभं आहे आणि भरायला धान्य नाही, तर जहाजाच्या मालकाला रोजचा दंड द्यावा लागतो. हा दंड आधी धान्य कंपनी भरते. पण पुढच्या खरेदीत ती तो वसूल करते, म्हणजे तोच बेसिस आणखी रुंद होतो. जहाजाचं तोंडही न बघितलेला शेतकरी जहाज थांबल्याचे पैसे भरतो.

चौथी वाट, गेलेलं गिऱ्हाईक. गहू रशिया, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेकडेही मिळतो. मसूर ऑस्ट्रेलियाकडेही मिळतो. कॅनडाचा माल वेळेवर पोचेल याची खात्री नसेल, तर खरेदीदार एकतर दुसरीकडे जातो, नाहीतर जोखमीचे म्हणून भाव कमी देतो. या नुकसानीची पावती कुणाच्या हातात येत नाही, त्यामुळे ते मोजणंही अवघड असतं.

या सगळ्यात शेतकऱ्याची खरी अडचण अशी, की त्याला ही जोखीम पुढे ढकलता येत नाही. रेल्वे ती धान्य कंपनीवर ढकलते, कंपनी शेतकऱ्यावर. शेतकऱ्याच्या मागे रांगेत कुणीच नसतं.

बंदच्या आधी आणि बंदच्या नंतर

रेल्वे एखाद्या दुकानासारखी शटर ओढून बंद करता येत नाही. चालू गाडी मध्येच जंगलात सोडून चालत नाही, विषारी रसायनांचे डबे कुठेही उभे करता येत नाहीत. म्हणून कंपन्या अनेक दिवस आधीपासून माल घेणं टप्प्याटप्प्यानं थांबवतात. २०२४ मध्येही तसंच झालं. आधी धोकादायक रसायनं आणि थंड डब्यांतून जाणारं मांस वगैरे थांबलं, मग बाकीचा माल. कामगार अजून कामावर होते, चर्चा सुरू होती आणि तरी माल अडकायला लागला होता.

सुरू होतानाही तेच. वॅगन चुकीच्या जागी अडकलेल्या असतात, इंजिनं आणि चालक विखुरलेले असतात, बंदरावर जहाजांची गर्दी झालेली असते. एक दिवस रेल्वे थांबली तर घडी बसायला त्याच्या कितीतरी पट दिवस जातात.

नाशिकच्या कांदा उत्पादकाला हे समजावून सांगायची गरज नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निर्यात शुल्काच्या विरोधात व्यापाऱ्यांनी जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद ठेवले होते. असे लिलाव बंद राहिले की शेतकऱ्याला बंदचे दिवस जड जातात आणि लिलाव सुरू झाल्यावरचे दिवसही, कारण थांबलेला सगळा माल एकदम बाजारात येतो. कॅनडात बाजार समितीच्या जागी रेल्वे आहे, एवढाच फरक.

त्यात हवामानाची अट वेगळी. थंडर बेहून निघणारी जहाजं सरोवरं आणि सेंट लॉरेन्स जलमार्गातून समुद्राला लागतात. हिवाळ्यात बर्फामुळे हा जलमार्ग बंद होतो आणि मार्चच्या शेवटी उघडतो. म्हणजे सुगीत वाया गेलेला आठवडा पूर्वेच्या मार्गावर जानेवारीत भरून काढता येत नाही.

रेल्वे अडखळली तर नुकसान किती मोठं होऊ शकतं, याचा अनुभव या भागानं २०१३-१४ मध्ये घेतलाय. तेव्हा कामगारांचा वाद नव्हता. विक्रमी पीक आलं होतं, त्यानंतर कडाक्याचा हिवाळा पडला आणि रेल्वेला माल हलवता आला नाही. कोठारं तुंबली, बेसिस रुंदावला आणि अर्थतज्ज्ञांनी शेतकऱ्यांच्या नुकसानीचे अंदाज अब्जावधी डॉलरमध्ये मांडले. शेवटी मार्च २०१४ मध्ये सरकारनं दोन्ही कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी पाच लाख टन धान्य हलवायचा आदेश काढला.

रेल्वे बंद होते तेव्हा अडकतं ते फक्त धान्य नाही

नोव्हेंबर २०१९ मध्ये सीएनच्या सुमारे ३,२०० कामगारांनी आठवडाभर संप केला. त्या वर्षी पावसाळी शरद ऋतूमुळे मका आणि इतर धान्य ओलं निघालं होतं. ओलं धान्य वाळवल्याशिवाय साठवता येत नाही, त्याला बुरशी लागते. वाळवणी यंत्रं चालतात प्रोपेन गॅसवर आणि क्विबेक, ऑन्टॅरिओमध्ये प्रोपेन येतो रेल्वेनं. संप झाला, प्रोपेनची टंचाई झाली आणि शेतात उभं असलेलं पीक काढायचं की नाही, हा प्रश्न शेतकऱ्यांपुढे उभा राहिला. म्हणजे विकायला नेण्याआधीच पिकाचा घात होऊ शकतो.

खताचंही तसंच आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत रेल्वे संपाची तारीख जवळ आली, तेव्हा रेल्वे कंपन्यांनी १२ सप्टेंबरपासूनच अमोनियासारखी रसायनं घेणं थांबवलं. याच अमोनियापासून नत्राचं खत बनतं.

कामगारांचं म्हणणं काय आहे?

इथपर्यंत वाचून कामगारच दोषी आहेत असं वाटू शकतं. पण त्यांची बाजू ऐकल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही.

२०२४ चा वाद मुख्यतः पगारावरून नव्हता. तो झोपेवरून होता. मालगाडीचं वेळापत्रक प्रवासी गाडीसारखं नसतं. चालकाला कधी बोलावणं येईल याची खात्री नसते, रात्री-अपरात्री ड्युटी लागते, घरापासून लांब मुक्काम करावा लागतो. दोन-तीन किलोमीटर लांबीची गाडी पेंगुळलेल्या माणसाच्या हातात असणं हा फक्त त्याचा प्रश्न नाही, रुळांच्या कडेला राहणाऱ्या सगळ्यांचा आहे. कंपन्या थकव्याबद्दलच्या तरतुदी सैल करू पाहतायत, असं संघटनेचं म्हणणं होतं. सीएनला काही कामगारांना महिनोन्महिने दूरच्या भागात कामाला पाठवायची मुभा हवी होती, तिलाही विरोध होता.

कंपन्यांचं उत्तर असं, की सरकारनं २०२३ मध्ये विश्रांतीचे नवे नियम लागू केलेत, त्यामुळे माणसं कमी पडतात. वेळापत्रक बदलल्याशिवाय आणि तासांवर पगार आणल्याशिवाय हे गणित जुळणार नाही. आम्ही त्यासाठी वाढीव पैसे देऊ केले होते.

अमेरिकेतल्या २०२२ च्या वादातही मुद्दा असाच साधा होता. सुमारे १,१५,००० रेल्वे कामगारांच्या करारात पाच वर्षांत २४ टक्के पगारवाढ होती, पण आजारपणाची पगारी रजा नव्हती. १२ पैकी ४ संघटनांनी तो करार फेटाळला.

सरकार मध्ये पडतं, मग अडचण कुठे?

कॅनडात २२ ऑगस्टला दुपारीच कामगार मंत्री स्टीव्हन मॅकिनन यांनी कामगार कायद्याचं कलम १०७ वापरलं. वाद लवादाकडे पाठवा, जुना करार चालू ठेवा आणि गाड्या सुरू करा, असा निर्देश त्यांनी औद्योगिक संबंध मंडळाला दिला. सीएननं त्याच दिवशी टाळेबंदी उठवली. संघटनेनं लगेच सीएनला संपाची नोटीस दिली. पण मंत्र्यांचा निर्देश नाकारायचा अधिकार आपल्याला नाही, असं सांगून मंडळानं २४ ऑगस्टला सगळ्यांना कामावर परतायचा आदेश दिला. २६ तारखेला सीपीकेसीही सुरू झाली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये लवादानं सीएनच्या कामगारांना तीन वर्षांसाठी दरवर्षी ३ टक्के पगारवाढ दिली.

अमेरिकेतही सरकारच मध्ये पडलं. तिथली संसद कायदा करून रेल्वे कामगारांवर करार लादू शकते. संसदेनं तसा कायदा केला आणि अध्यक्ष बायडेन यांनी २ डिसेंबर २०२२ ला त्यावर सही केली. सात दिवसांच्या पगारी रजेचा प्रस्ताव सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४३ मतांनी अडकला, कारण ६० मतं लागणार होती.

धान्य संघटनांनी या हस्तक्षेपाचं स्वागत केलं. शेतकऱ्याच्या बाजूनं ते स्वाभाविकच आहे. पण यातून एक वाईट सवय लागते. रेल्वे थांबली की शेतकरी, कारखानदार, व्यापारी सगळे ओरडणार आणि सरकार दोन दिवसांत मध्ये पडणार, हे कंपनीला आधीच माहीत असेल, तर ती टेबलावर बसून मनापासून बोलणी का करेल? संघटनांचा आक्षेप नेमका हाच आहे. संपाच्या हक्काला राज्यघटनेचं संरक्षण आहे, असा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये दिलाय. तो खटलाही सस्कॅचवानमधूनच गेला होता, ज्या प्रांतात मसूर आणि गहू पिकतो.

म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान हे या भांडणातलं हत्यार बनतं. संघटना सरकारवर दबाव यावा म्हणून त्याकडे बोट दाखवते, कंपनी लवकर आदेश निघावा म्हणून त्याकडे बोट दाखवते. आणि ज्याचं नुकसान होतं, त्याला त्या टेबलावर खुर्ची नसते.

सरकारी आदेशानं गाडी सुरू होते, पण वाद मिटत नाही. सीपीमध्ये २०१२, २०१५, २०१८ आणि २०२२ मध्ये काम बंद झालं, सीएनमध्ये २०१९ मध्ये आणि दोन्हीकडे २०२४ मध्ये. दर दोन-तीन वर्षांनी शेतकऱ्याच्या कॅलेंडरमध्ये ही एक तारीख असतेच.

शिवाय साखळीत रेल्वे ही एकच कडी नाही. ऑगस्टमध्ये रेल्वे सुरू झाली आणि २४ सप्टेंबरला व्हँकुव्हरच्या धान्य टर्मिनलवरच्या सुमारे ६५० कामगारांचा संप सुरू झाला. तो काही दिवसांत मिटला, पण एकाच सुगीत शेतकऱ्याची गाडी दुसऱ्यांदा अडली.

आपला याच्याशी काय संबंध?

संबंध आपल्या ताटातच आहे. भारत मसूर पिकवतो, पण पुरत नाही. बाहेरून येणाऱ्या मसुरात कॅनडा हा मोठा पुरवठादार आहे आणि कॅनडाचा बहुतेक मसूर सस्कॅचवानमध्ये पिकतो. पिवळा वाटाणाही तिकडून येतो. हा सगळा माल रेल्वेनं बंदरावर येतो आणि मग जहाजानं अनेक आठवड्यांचा प्रवास करतो. चार दिवस रेल्वे बंद राहिली म्हणून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात डाळ महागली, असं म्हणता येणार नाही, कारण मध्ये साठा असतो. पण बंद महिनाभर लांबला असता, तर आयातदारानं दुसरीकडे धाव घेतली असती आणि त्याचा बोजा आपल्यापर्यंत आला असता.

दुसरा संबंध पोटॅशचा. ऊस, केळी, द्राक्षाला लागणारं पोटॅश भारत आयातच करतो. जगात सर्वात जास्त पोटॅश काढतो कॅनडा आणि त्याच्या खाणी पुन्हा सस्कॅचवानमध्येच. तेही समुद्रापर्यंत रेल्वेनंच येतं.

आणि तिसरा संबंध आठवणीतला. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वात भारतातल्या सुमारे १७ लाख रेल्वे कामगारांनी संप केला होता. ८ ते २७ मे, असे वीस दिवस. त्यातली एक मोठी मागणी होती आठ तासांच्या कामाची. इंजिन चालवणाऱ्या माणसाला किती तास राबवायचं, हा प्रश्न तेव्हाही होता. इंदिरा गांधी सरकारनं हजारोंना तुरुंगात टाकलं आणि संप मोडला.

भारतात मात्र एक फरक आहे. पंजाब-हरियाणात गहू आणि तांदूळ सरकार हमीभावानं घेतं. रेल्वेनं तो महाराष्ट्रात आणायची जबाबदारी अन्न महामंडळाची असते. गाडी उशिरा आली, तर साठवणुकीचा तोटा सरकार सोसतं, शेतकऱ्याची पट्टी आधी निघालेली असते. कॅनडात ती जोखीम शेतकऱ्याच्या कोठीत पडून असते. आपल्याकडे हमीभावाच्या छत्रीबाहेर असलेल्या कांद्यासारख्या मालाची गत मात्र कॅनडाच्या गव्हाच्या जवळची आहे. रेक वेळेवर मिळाली नाही की काय होतं, हे लासलगावला विचारावं.

मग यावर उपाय काय?

चार प्रकारच्या सूचना चर्चेत असतात.

एक, संपावर बंदी आणून प्रत्येक वाद थेट लवादाकडे न्यावा. धान्य व्यापारातल्या अनेकांना हे हवंय. संघटनांना नकोय, कारण संपाची भीती काढली तर कामगाराच्या हातात उरतं काय, असं त्या विचारतात.

दोन, दोन्ही कंपन्यांचे करार पुन्हा वेगवेगळ्या वर्षी संपावेत आणि ऐन सुगीत तर नकोच. यात कुणाचा हक्क जात नाही.

तीन, रेल्वेत स्पर्धा वाढवावी. बहुतेक एलिव्हेटर एकाच कंपनीच्या रुळावर असतात. १६० किलोमीटरच्या आत दुसऱ्या कंपनीकडे माल वळवता यावा, असा प्रयोग सरकारनं २०२३ मध्ये पठारी प्रांतांत सुरू केला होता. मार्च २०२५ मध्ये तो संपला. अर्थात दोन्ही कंपन्या एकाच वेळी थांबल्या, तर याचाही उपयोग नाही.

चार, शेतावर जास्त कोठ्या बांधाव्यात, म्हणजे माल पडत्या भावात काढावा लागणार नाही. हे बरेच शेतकरी करतातही. पण कोठीचा खर्च शेतकऱ्याचाच आणि कोठीत ठेवलेल्या धान्यावर बँकेचा हप्ता फिटत नाही.

शंभराहून जास्त वर्षं कॅनडाचं सरकार आणि रेल्वे धान्याच्या भाड्यावर भांडत आलेत. १८९७ च्या क्रोज नेस्ट पास करारानं धान्याचं भाडं स्वस्त ठेवलं, ती सवलत १९९५ मध्ये संपली. २००० पासून या धान्यातून रेल्वेनं एकूण किती कमवायचं, याला मर्यादा आहे. म्हणजे गाडीचं भाडं किती असावं, याचा नियम आहे. गाडीच आली नाही तर शेतकऱ्याचं नुकसान कुणी भरायचं, या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून त्याच्याच खिशात शोधलं जातं.

लवादानं सीएनला दिलेला तीन वर्षांचा करार जानेवारी २०२४ पासून मोजला जातो. म्हणजे तो २०२६ च्या शेवटी संपतो आणि पुन्हा वाटाघाटी होणार. तेव्हा बातमीत किती कामगार आणि किती कंपन्या, हे येईलच. त्यासोबत आणखी एक गोष्ट बघायची, कापणी कोणत्या टप्प्यावर आहे.